वाचून दाखवला, समजला

कंपनीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळे कलमकाकाच म्हणायचे. इमारती बांधणाऱ्या त्या कंपनीचा करार विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं एक टेबल, दोन लोखंडी कपाटं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि कलमकाका. प्लंबर असो, रंगारी असो की फरशी बसवणारा, कामाला हात लावण्याआधी त्याला या टेबलासमोरच्या खुर्चीत बसावं लागे. पाणी गळलं तर कोणी निस्तरायचं, भिंत कलली तर मान कोणाची अडकणार, ठेकेदार काम मध्येच टाकून पळाला तर त्याच्या सामानाचं काय करायचं, हे सगळं एक्केचाळीस कलमांत लिहिलेलं असे, आणि ती सगळी काकांना तोंडपाठ होती. "काका, कामाला उशीर झाला तर?" असं कोणी विचारलं की ते मान वर न करता सांगत, "कलम अठरा." ऑफिसातली तरुण मंडळी त्यांची फिरकी घ्यायची. "काका, घरी डब्यात मीठ कमी पडलं तर कुठलं कलम लागतं हो?" काका म्हणायचे, "तो करार करताना मी वकील नेला नव्हता रे. भोगतोय."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

काका तिशीत कंपनीत लागले तेव्हा करार वकिली भाषेत असायचे. एक वाक्य सुरू झालं की दीड पान थांबायचं नाव नाही. एकदा एक म्हातारा गवंडी अशाच एका कागदावर अंगठा उठवून बसला आणि वादात सगळं हरला. ऑफिसच्या जिन्यात बसून तो लहान मुलासारखा रडला. काकांना ते बघवलं नाही. ते तडक थोरल्या मालकांसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "हे कागद मला लिहू द्या. गवंड्याला कळेल अशा भाषेत लिहितो."

तीन महिने त्यांनी घरी बसून ते काम केलं. बायको कपड्यांना इस्त्री करत असायची आणि काका तिला एकेक कलम वाचून दाखवायचे. जिथे तिची इस्त्री थांबायची तिथे काका खूण करायचे आणि ते वाक्य पुन्हा लिहायचे. शेवटच्या पानावर त्यांनी आपल्या मनाने एक अट घातली. ठेकेदार शिकलेला असो वा नसो, हा करार त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. न वाचता सही घेतली असेल तर यातलं कोणतंही कलम ठेकेदारावर बंधनकारक राहणार नाही. त्याखाली एक ओळ, 'वरील मजकूर वाचून दाखवला, समजला', आणि तिच्याखाली दोन सह्या. एक ऐकणाऱ्याची, एक वाचणाऱ्याची.

थोरले मालक हसले. "अहो, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?" पण ते जुन्या वळणाचे होते. त्यांनी मान्य केलं.

पहिली काही वर्षं काका खरोखर वाचायचे. दार लोटून, चहा मागवून, चांगला पाऊण तास. मग कामं वाढली. एकाच वेळी चार इमारती उभ्या राहायला लागल्या, दाराबाहेर ठेकेदारांची रांग लागायला लागली. काका महत्त्वाची तेवढीच कलमं वाचू लागले. मग त्या कलमांचा तोंडी गोषवारा सांगू लागले. पुढे पुढे तर एवढंच राहिलं: "नेहमीचंच आहे. इथे सही करा, इथे, आणि शेवटच्या पानावर." कोणी तक्रार केली नाही. उलट ठेकेदार खूश असायचे, कारण काम लवकर उरकायचं. शेवटच्या पानावर काका आपली वळणदार सही ठोकायचे आणि पुढच्याला बोलवायचे. कुंपणानेच शेत खाल्लं, पण एका दिवसात नाही. दर वर्षी एक वाफा, असं करत करत.

आता साडूंकडे येऊ. काकांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा हा सेंटरिंगचा ठेकेदार होता. स्लॅब ओतायच्या आधी खाली लोखंडी प्लेटांचा साचा करायचा, त्याला टेकू लावायचे, काँक्रीट पक्कं झालं की टेकू काढून वरच्या मजल्याला न्यायचे, हे त्याचं काम. साइटवर त्याला टेकूशेठ म्हणायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राबून, एकेक करत त्याने स्वतःच्या चारशे प्लेटा आणि तेवढेच टेकू जमवले होते. घरामागच्या मोकळ्या जागेत ते सामान रचलेलं असायचं. दुसऱ्याची दुकानं असतात, बागा असतात. टेकूशेठचं जे काही होतं ते एवढंच. त्या लोखंडामुळे तो मजुराचा शेठ झाला होता आणि ते गेलं असतं तर पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा रोजंदारीवर उभा राहिला असता.

त्याला कंपनीत काम मिळवून दिलं ते काकांनीच. सही करायला आला तेव्हा तो धुतलेला शर्ट घालून, खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याने कागद हातात घेतले, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "साडूभाऊ, काय काय लिहिलंय यात?"

बाहेर लिफ्ट बसवणारा आणि दोन रंगारी ताटकळत होते. काका म्हणाले, "नेहमीचंच आहे हो. मी बसलोय ना इथे? करा सही."

साडूंनी हसून सही केली. बोट पहिल्या पानावरून उचललं आणि शेवटच्या पानावर ठेवलं.

चौथ्या मजल्याचा स्लॅब ओतल्यावर नवव्या दिवशी साइटवरचा इंजिनीयर साडूंना म्हणाला, "टेकू काढा आणि वर लावा. काम मागे पडलंय." साडू म्हणाले, "साहेब, अजून आठवडा तरी हवा." इंजिनीयर म्हणाला, "मी सांगतोय ना!" साडूंनी टेकू काढले. दोन दिवसांनी स्लॅब मध्यभागी खचला आणि बोट जाईल एवढी भेग पडली. कोणाला इजा झाली नाही, पण अख्खा स्लॅब फोडावा लागला. इंजिनीयरने हात वर केले, आपण असं काही बोललोच नाही म्हणून सांगितलं आणि महिन्याभरात दुसरीकडे नोकरी धरली.

कंपनीने कलम सत्तावीस काढलं. टेकू काढायची परवानगी लेखीच हवी. तोंडी सांगण्यावरून ठेकेदाराने टेकू काढले तर नुकसान त्याचं. आणि नुकसान भरून देईपर्यंत साइटवरचं त्याचं सगळं सामान कंपनीच्या ताब्यात राहील. ज्या काळात काका तोंडी हुकमांवरून गळे कापले जाताना बघत होते, त्या काळात ठेकेदारांना सावध करायला म्हणून हे कलम त्यांनीच लिहिलं होतं. लेखी घ्या बाबांनो, असं ओरडून सांगणारं कलम होतं ते. फक्त कोणीतरी ते ओरडून सांगायला हवं होतं.

चारशे प्लेटा साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुलूपबंद झाल्या. साडूंनी एक वकीलबाई गाठली. तिने शेवटचं पान वाचलं आणि ती खुर्चीत सरळ झाली. "तुम्हाला हा करार वाचून दाखवला होता का?"

"नाही."

"मग तुम्ही सुटलात. एवढं एकच वाक्य सांगायचं. बाकी मी बघते."

ही बातमी काकांच्या कानावर आली ती बायकोकडून, आणि तेव्हापासून त्यांचं अन्नपाणी गोड लागेना. चार महिने ते साडूंना टाळत होते. मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा ठरला तेव्हा त्यांची कंबर दुखायला लागली. साडू रस्त्यात समोरून दिसले तर काका फोन कानाला लावायचे, पलीकडे कोणी नसताना. एकदा तर औषधाच्या दुकानात शिरले आणि काय हवं विचारल्यावर उगाच खोकल्याची बाटली घेऊन आले. घरी बायकोने ती बाटली पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं आणि ती कपाटात ठेवली. त्यांना लाज वाटत होती. साधी, अंगावर काटा आणणारी लाज. आरशासमोर दाढी करताना ती यायची, जिना चढताना यायची, आणि सर्वांत जास्त यायची ती एखाद्या ठेकेदाराने खुर्चीत बसून विश्वासाने पेन उघडलं की.

सुनावणीच्या आधी मोठ्या साहेबांनी, म्हणजे थोरल्या मालकांच्या मुलाने, त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आवाजात रागबिग काही नव्हता. "काका, कपाटात साडेतीनशे करार आहेत. सगळ्यांवर तुमची सही आहे. वाचून दाखवला म्हणून. हा एक सुटला की सगळे सुटतील. मग कंपनी तुम्हाला विचारेल, की तीस वर्षं तुम्ही सह्या कशाच्या केल्यात? तुम्हाला निवृत्त व्हायला आठ महिने आहेत. नीट विचार करा."

घरी बायकोचा विचार झालेला होता. ती म्हणाली, "खरं काय ते सांगा. मला माझ्या बहिणीच्या दारात जायचंय. तोंड झाकून जायला लावू नका."

"आणि नोकरी गेली म्हणजे? सगळीकडे छी थू झाली म्हणजे?"

"ती झालीच आहे की. फक्त लोकांना अजून कळलेली नाही."

काका रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी अंघोळ करताना त्यांनी ठरवलं. खरं सांगायचं. वाक्यसुद्धा तयार केलं: 'मी हा करार वाचून दाखवला नाही, आणि गेली कित्येक वर्षं कोणालाच दाखवलेला नाही.' अंगावर पाणी ओतत ते त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी जमलं. कितीतरी दिवसांनी त्यांना नाश्त्याची चव लागली.

सुनावणी कोर्टात नव्हती. करारातच तशी सोय होती, दोघांना मान्य असा एक लवाद नेमायचा. लवाद म्हणून आलेले गृहस्थ निवृत्त इंजिनीयर होते. भाड्याची खोली, लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. एका बाजूला कंपनीचे वकील आणि मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला साडू आणि वकीलबाई. साडूंनी तोच शर्ट घातला होता. काकांना साक्षीदार म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसवलं होतं.

लवादांनी आधी साडूंना विचारलं. "हा करार सहीच्या आधी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवला होता का?"

वकीलबाईने मान हलवून त्यांना इशारा केला. साडूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. काकांचा हात रुमालाशी चाळा करत होता. कपाळावर घाम आला होता. साडूंनी ते सगळं पाहिलं असावं, कारण ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले.

मग म्हणाले, "हो. साडूभाऊंनी वाचून दाखवला. अक्षर न् अक्षर."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. लवादांनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की? यावर बरंच काही अवलंबून आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब. वाचून दाखवला."

मग लवाद काकांकडे वळले. "हे म्हणतात ते खरं आहे?"

आता सगळं काकांच्या जिभेवर होतं. वाक्य तयार होतं, सकाळीच घासूनपुसून ठेवलेलं. उभं राहायचं आणि बोलायचं. साडू खोटं बोलले होते ते काकांसाठी, आणि ते खोडून काढायला काकांना एक वाक्य पुरलं असतं. लोक म्हणतात, माणूस खोटं बोलायला घाबरतो. कसला घाबरतोय! खोटं स्वतः घडवायला घाबरतो. कोणी आयतं करून ताटात वाढलं की हात धुऊन बसतो.

"हो," काका म्हणाले.

आजवर ते जे करत आले त्याला सवय म्हणता आलं असतं, कामाची घाई म्हणता आली असती. या एका 'हो'ला काही म्हणता येत नव्हतं. तो त्यांनी पूर्ण शुद्धीत, दिवसाढवळ्या, पाच माणसांसमोर उच्चारला होता.

निकाल पंधरा दिवसांनी आला. करार वाचून दाखवलेला आहे, सबब कलम सत्तावीस लागू आहे. मोठ्या साहेबांनी काकांना बोलावून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी कंपनीने चारशे प्लेटा आणि टेकू एका ट्रकमध्ये भरून दुसऱ्या साइटवर नेले. काकांनी ते ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं.

बायको घरात त्यांच्याशी भांडली नाही. तिने फक्त एवढं सांगितलं, "मी बहिणीकडे जाऊन आले. आता तुम्ही जा. एकटे."

काका गेले. मेव्हणीने दार उघडलं, "या भाऊजी" म्हणाली आणि पाणी ठेवून आत निघून गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. साडू घरामागे होते. जिथे प्लेटा रचलेल्या असायच्या तिथे आता मोकळी जमीन होती, आणि लोखंडाच्या गंजाचे तांबडे चौकोन तेवढे राहिले होते. साडू एका उलट्या बादलीवर बसले होते. त्यांनी दुसरी बादली काकांकडे सरकवली.

"कशाला केलंत हो असं?" काका म्हणाले. येताना बरंच काही ठरवून आले होते, पण तोंडातून एवढंच निघालं.

"तुमचं तोंड पाहिलं," साडू म्हणाले. "तिथे सगळ्यांसमोर तुम्ही खोटे पडला असता. साडूभाऊ, मला नाव ते काय? टेकूशेठ. प्लेटा गेल्या तर लोक म्हणतील, नुकसान झालं बिचाऱ्याचं. तुमचं तर नावच गेलं असतं."

"मी खरं सांगणार होतो."

"असं?" साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मग मी गाढवच की. मला वाटलं, तुम्हाला ते जमायचं नाही."

काकांची मान जी खाली गेली ती वर येईना. जमलं नव्हतंच. साडूंनी त्यांना बरोबर ओळखलं होतं, त्यांच्यापेक्षाही बरोबर. ओळखूनसुद्धा त्यांच्यावर पांघरूण घातलं होतं.

मग साडूंनी विचारलं, "तो कागद आहे का तुमच्याजवळ?"

होता. कराराची प्रत काकांच्या पिशवीत होती. निकाल लागल्यापासून का कोण जाणे, ते ती बरोबर घेऊनच फिरत होते.

"मग वाचा की. आता कसलीच घाई नाही. बघू तरी, माझं लोखंड कशात गेलं."

काकांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कलम एक. कलम दोन. आवाज आधी चिरकला, मग लागला. साडू हात गुडघ्यांवर ठेवून लक्ष देऊन ऐकत होते. कधी "बरोबर आहे" म्हणत होते, कधी "हे चांगलं लिहिलंय." सत्ताविसावं कलम आलं तेव्हा काका न थांबता वाचून गेले.

"थांबा," साडू म्हणाले. "ते परत वाचा."

काकांनी परत वाचलं. साडेचार ओळी होत्या.

"एवढंच?"

"एवढंच."

गंजाच्या चौकोनांकडे पाहत साडूंनी ते कलम मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हटलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "मला वाटायचं, काहीतरी अवघड असेल. वकिलांनाच कळणारं. हे तर मला कळलं असतं हो. त्या दिवशी मी इंजिनीयरला म्हटलं असतं, साहेब, लिहून द्या." आवाजात राग नव्हता. एखाद्याला हरवलेली वस्तू उशीखालीच सापडावी, तसे ते बोलत होते. "छान साधं लिहिलंय. कोणी लिहिलं?"

काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"बरं, पुढचं वाचा."

काकांनी पान उलटलं. अठ्ठाविसावं कलम समोर होतं, तोंडपाठ होतं, पण काकांनी पान परत मागे, सत्ताविसाव्यावर उलटलं. साडूंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कागद अलगद त्यांच्या हातातून काढून घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत, अडखळत, मोठ्याने स्वतःच वाचायला लागले.